‘काही लागलं तर सांगा’

ताईच्या बायॉप्सीचा रिपोर्ट आला त्या आठवड्यात ‘काही लागलं तर सांगा’ हे वाक्य आमच्या घरात इतक्यांदा उच्चारले गेले, की पुढेपुढे ते कानावर पडताच मी आपसूक ‘हो, नक्की’ म्हणू लागलो. म्हणणाऱ्यांच्या मनात खोट नव्हती. त्यांतले काही जण दारातून बाहेर पडताना डोळे पुसत होते. अडचण त्या वाक्यातच होती. काय लागेल हे ठरवायचे, ते कोणाला सांगावे याचा विचार करायचा, संकोच बाजूला सारून फोन करायचा आणि समोरच्याला जमणारे नसले तर पुन्हा दुसऱ्याला विचारायचे, ही सगळी कामे ते वाक्य आमच्याच पदरात टाकून जात होते, आणि ज्या घरात आजार नुकताच शिरला आहे त्या घराला नेमके हेच जमत नसते. ताईला स्तनाचा कर्करोग होता. दर २१ दिवसांनी एक अशी केमोची सहा सायकल, नंतर शस्त्रक्रिया आणि मग रेडिएशन, असा जवळजवळ आठ महिन्यांचा आराखडा डॉक्टरांनी एका कागदावर काढून दिला होता. त्यातले काहीही आम्ही कोणी पूर्वी केलेले नव्हते.

पहिल्या केमोच्या संध्याकाळी तीन घरांतून तीन डबे आले. ताईने त्यांतला एकही उघडला नाही, कारण स्वयंपाकाच्या नुसत्या वासाने तिच्या पोटात ढवळत होते. त्याच दुपारी माझी भाची शाळेच्या फाटकापाशी पाऊण तास एकटी उभी होती. भाऊजी ताईजवळ बसलेले, मी औषधांच्या रांगेत, आणि तिला आणायला कोणीतरी गेले असेल असे आम्ही दोघेही धरून चाललेलो. दुसऱ्या दिवशी शेजारच्या काकू आल्या आणि त्यांनी नेहमीचे वाक्य न म्हणता विचारले, “मंगळवारी आणि गुरुवारी दुपारी मी रिकामी असते. त्या वेळात तुमच्याकडे नेमकं काय काम असतं?” मी उत्तर द्यायच्या आत पलंगावरून ताईच म्हणाली, “पिंकीची शाळा सुटते.” पुढचे आठ महिने मंगळवार आणि गुरुवार काकूंचे झाले.

त्या प्रश्नातून आमचा कागद जन्माला आला. कपाटाच्या दारावर चिकटवलेल्या त्या कागदाला चार रकाने होते: वार, काम, कोण, आणि राखीव कोण. चौथा रकाना मी सुरुवातीला उगाचच आखला आहे असे भाऊजींना वाटले होते, परंतु ज्यांच्या घरी लहान मुले आहेत त्यांना ऐनवेळी सर्दी-खोकला होतो आणि केमो चालू असलेल्या माणसाच्या घरी सर्दी घेऊन यायचे नसते, त्यामुळे सर्वाधिक उपयोगी तोच रकाना ठरला. कामे लिहिताना ती शक्य तितकी लहान करून लिहिली. ‘घर सांभाळणे’ असे लिहिले तर कोणीही नाव घालत नाही. ‘शनिवारी सकाळी चादरी आणि उशांचे अभ्रे धुवून वाळत घालणे’ असे लिहिले की दहा मिनिटांत नाव येते.

कागदाचा कारभार आम्ही ताईकडे ठेवला नाही आणि माझ्याकडेही ठेवला नाही. परगावी राहणाऱ्या आमच्या चुलतबहिणीला ‘मी इतक्या लांबून काय करणार’ याची चुटपुट लागून राहिली होती. तिच्याकडे तो सोपवला. कोणाला कधी जमते हे विचारणे, अदलाबदल करणे, नाव न आलेल्या कामासाठी दोघातिघांना फोन करणे हे सारे ती तिथून करीत असे. त्याहून मोठे काम म्हणजे ‘कशी आहे आता?’ या प्रश्नाला उत्तर देणे. रोज पंधरा जणांना तीच हकिगत सांगताना आजारी माणूस थकतो, आणि प्रत्येकाची समजूत काढण्याची वेळ उलट त्याच्यावरच येते. चुलतबहीण संध्याकाळी एकच संदेश सगळ्यांना पाठवी, त्यात ताईने जेवढे सांगावे म्हटले असेल तेवढेच असे, आणि ‘उत्तराची अपेक्षा नाही, पण वाचून बरे वाटते’ असे शब्द ताईच्या सांगण्यावरून शेवटी जोडलेले असत.

दुसऱ्या सायकलपासून लक्षात आले की २१ दिवस सारखे नसतात आणि मदतही त्या चालीने मागावी लागते. औषध चढवण्याच्या दिवशी दोन माणसे लागतात: एक जवळ बसायला आणि दुसरे गाडी, कागद आणि औषधांच्या मागे धावायला. नंतरचे तीन-चार दिवस मळमळीचे आणि मलूल पडून राहण्याचे. उलटीवरची गोळी उलटी झाल्यावर घ्यायची असते अशी आमची समजूत होती. ती मळमळ सुरू होण्याआधी, लिहून दिलेल्या वेळेला घ्यायची असते, हे सिस्टरनी सांगितल्यावर दुसरी खेप बरीच सुसह्य गेली. बहुतेक औषधांच्या बाबतीत रक्तातील, संसर्गाशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी साधारणतः सातव्या ते चौदाव्या दिवसाच्या दरम्यान सर्वांत खाली जातात. तो काळ भेटीगाठींचा नव्हे, जरी वरवर पाहता माणूस तेव्हा हिंडूफिरू लागलेला असतो. तिसरा आठवडा मात्र चांगला. माणसे यायची ती नेमकी पहिल्या आठवड्यात, केमो झाली म्हणून कळल्यावर, आणि तिसऱ्या आठवड्यात ताईला कोणाशी तरी तासभर बोलावेसे वाटे तेव्हा ओसरी रिकामी असे. म्हणून कागदावर तारखेच्या शेजारी सायकलचा कितवा दिवस तेही लिहू लागलो.

जेवणाविषयीही थोडे सांगितले पाहिजे, कारण मदतीचा हात सर्वांत आधी तिकडेच वळतो. केमोमध्ये अनेकांच्या जिभेला धातूसारखी चव येते. ताईला स्टीलचा चमचा नकोसा झाला. प्लॅस्टिकचा चमचा दिल्यावर दोन घास जास्त जात. गरम पदार्थाला वास अधिक येतो, त्यामुळे कोमट किंवा गार झालेले अन्न तिला चाले. भरलेला मोठा डबा पाहिला की तिची भूक मरत असे, आणि वाटीभर काही समोर आले तर निम्मे तरी संपत असे. डबा देणाऱ्यांना हे सांगणे मला फार जड गेले. चुलतबहिणीने ते एका ओळीत लिहून टाकले आणि कोणालाही राग आला नाही. कपडे धुणाऱ्यांनाही एक गोष्ट आधीच सांगायला हवी होती: केमोनंतर निदान ४८ तास रुग्णाच्या लघवीत आणि उलटीत औषधाचा अंश उतरतो, म्हणून त्या कपड्यांना हात लावताना हातमोजे घालावेत, ते वेगळे धुवावेत आणि संडासाचे झाकण लावून पाणी सोडावे. आम्हाला हे तिसऱ्या खेपेला कळले.

आता त्या रात्रीविषयी. दुसऱ्या सायकलचा दहावा दिवस होता. रात्री अकराच्या सुमारास ताई म्हणाली, “अंगात कणकण वाटतेय गं”, आणि मग तिथे आई नसून मी आहे हे ध्यानात येऊन स्वतःशीच हसली. थर्मामीटरने १०१.२ दाखवले. भाऊजींनी सवयीने पॅरासिटामॉलची पट्टी काढली होती. रुग्णालयातून मिळालेल्या माहितीपत्रकाच्या चौथ्या पानावर मी काहीतरी वाचल्यासारखे वाटले म्हणून ते शोधले. तिथे लिहिले होते की ताप १००.४ किंवा त्याहून अधिक असेल तर सकाळची वाट पाहू नये, आणि विचारल्याशिवाय तापाची गोळी देऊ नये, कारण गोळीने ताप झाकला जातो आणि संसर्ग आत वाढत राहतो. इतकी महत्त्वाची गोष्ट चौथ्या पानावर का असावी, हे मला अजूनही समजलेले नाही. त्याखाली छापलेला नंबर वाजत राहिला आणि बंद झाला. तो डे-केअर विभागाचा होता आणि तो विभाग संध्याकाळी बंद होत असे. रुग्णालयात पोहोचल्यावर आम्हाला इतरांबरोबर बाकावर बसायला सांगितले गेले. चाळीस मिनिटे गेल्यावर भाऊजी, जे एरवी आवाज चढवणारे गृहस्थ नाहीत, उठून खिडकीपाशी गेले आणि म्हणाले, “हिची केमो चालू आहे, आज दहावा दिवस आहे, आणि ताप आहे.” मग मात्र सगळे भराभर हलले. केमो चालू असताना काउंट, म्हणजे पांढऱ्या पेशींचा आकडा, कमी असण्याची शक्यता असलेला रुग्ण तापाने येतो तेव्हा त्याला पहिले प्रतिजैविक आल्यापासून ६० मिनिटांच्या आत मिळावे असा दंडक आहे. आमच्या बाबतीत तो जेमतेम पाळला गेला. न्यूट्रोफिल, म्हणजे संसर्गाशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी, ५०० च्या खाली होत्या. चार दिवस ताई दाखल होती.

घरी आल्यावर आम्ही पोस्टकार्डाएवढ्या जाड कागदाचे एक कार्ड केले. त्यावर आजाराचे नाव, चालू औषधांची नावे, शेवटच्या केमोची तारीख, कशाची ॲलर्जी आहे, आणि ठळक अक्षरांत ‘केमोथेरपी सुरू आहे, ताप असल्यास तातडीने तपासावे’ असे लिहिले. एक प्रत ताईच्या पर्समध्ये, एक भाऊजींच्या पाकिटात आणि एक काकूंकडे. रात्रीच्या वेळी चालणारा नंबर मागून घेतला आणि तो खरोखर लागतो का हे रात्री दहा वाजता लावून पाहिले. पलीकडच्या सिस्टर थोड्या वैतागल्या, पण कारण सांगितल्यावर “बरं केलंत” म्हणाल्या.

रुग्णालयात मदत असते, मात्र ती निरनिराळ्या दारांमागे असते आणि ती दारे कोणी आपण होऊन दाखवत नाही. हा अनुभव केवळ आमचा नाही. न्यूयॉर्कच्या हार्लेम भागातील रुग्णालयात काम करणारे शल्यचिकित्सक हॅरॉल्ड फ्रीमन यांच्याकडे स्तनाच्या कर्करोगाच्या गरीब रुग्ण स्त्रिया फार उशिरा येत असत, आणि गाठ लक्षात आल्यानंतरही पुढचा वेळ पैसे, कागदपत्रे, भीती आणि न कळणाऱ्या सूचना यांत वाया जात असे. रुग्णाला दारापासून दारापर्यंत नेणारे माणूसच नेमले पाहिजे असे ठरवून त्यांनी १९९० मध्ये ‘पेशंट नॅव्हिगेशन’ ही पद्धत सुरू केली, आणि पुढे ती अनेक कर्करोग केंद्रांनी उचलली. तुमच्या रुग्णालयात असे पद असेल तर पहिल्याच दिवशी त्या माणसाचे नाव विचारून घ्या. नसेल तर वैद्यकीय समाजसेवक कुठे बसतात ते विचारा.

आम्हाला समाजसेविका भेटल्या तिसऱ्या सायकलच्या वेळी, तेही अपघातानेच. त्यांची खोली रक्त तपासणीच्या खिडकीला लागून होती आणि तिच्यावरून आम्ही डझनभर वेळा गेलो होतो. त्यांनी ताईसमोर थर्मामीटरचे चित्र असलेला एक कागद ठेवला. शून्य ते दहा अशा खुणा होत्या, आणि गेल्या आठवड्यात मनाला किती त्रास झाला त्या आकड्याभोवती गोल करायचा होता. चार किंवा त्याच्या पुढचा आकडा आला की दखल घेतात. ताईने सातवर गोल केला. खाली कारणांची यादी होती. मला वाटले होते की ती ‘भीती’वर खूण करील, पण तिने ‘मुलांची देखभाल’ आणि ‘प्रवास’ यांवर केली. मी रोज तिच्याजवळ असूनही मला हे ठाऊक नव्हते.

पैशांविषयी त्या बाईंनी अर्ध्या तासात जे सांगितले ते आम्ही दोन महिने आधी ऐकायला हवे होते. एकेका बिलाच्या मागे न धावता संपूर्ण उपचाराचा अंदाज लेखी मागावा. डॉक्टरांना थेट विचारावे की या औषधाचे जेनेरिक किंवा बायोसिमिलर (मूळ जैविक औषधाशी मिळतेजुळते, दुसऱ्या कंपनीचे) रूप चालेल का. हा प्रश्न विचारण्यात कमीपणा काही नाही आणि डॉक्टरांना तो नवाही नसतो. रुग्णालयाचा स्वतःचा निधी, धर्मादाय संस्था, औषध कंपन्यांचे रुग्ण-साहाय्य कार्यक्रम यांची चौकशी खर्च होण्याच्या आधी करावी, कारण अनेक ठिकाणी आधी झालेला खर्च मागाहून मिळत नाही. नोकरीच्या ठिकाणी ‘विश्रांतीची गरज आहे’ असे मोघम पत्र देण्याऐवजी कोणत्या तारखांना रजा लागेल आणि कोणत्या आठवड्यांत घरून किंवा कमी वेळ काम करता येईल हे डॉक्टरांकडून लिहून घ्यावे. अशा पत्रामुळे ताईच्या साहेबांचा सूर पार बदलला. तोवर त्यांना बिचाऱ्यांना काय मंजूर करायचे हेच कळत नव्हते.

त्रास सांगण्याच्या बाबतीत ताई अवघड रुग्ण होती. ‘डॉक्टर आधीच किती कामात असतात’ म्हणून ती हातापायांना येणाऱ्या मुंग्या सांगायची टाळत होती. तिला मी एका अभ्यासाविषयी सांगितले. ईथन बाश आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी न्यूयॉर्कमध्ये, आजार शरीरात पसरलेल्या ७६६ रुग्णांचे दोन गट केले. एका गटाचे नेहमीप्रमाणे चालू राहिले, तर दुसऱ्या गटातील रुग्ण आपली लक्षणे संगणकावरून नियमित नोंदवत आणि त्रास वाढला की सिस्टरना सूचना जाई. २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार, नोंदी करणाऱ्यांचे मध्यम आयुर्मान (ज्याहून अधिक काळ निम्मे रुग्ण जगले तो आकडा) ३१.२ महिने भरले आणि इतरांचे २६ महिने. औषधे तीच, फरक सांगण्याचा. त्यानंतर ताईने एक छोटी वही केली. मुंग्यांचे कळल्यावर डॉक्टरांनी औषधाची मात्रा थोडी कमी केली.

याच वेळी ‘पॅलिएटिव्ह केअर’, म्हणजे आजाराचा त्रास हलका करणारी देखभाल, या पाटीच्या खोलीत आम्हाला पाठवले गेले आणि भाऊजींचा चेहरा उतरला. हा शब्द ऐकला की आता काही उरले नाही अशी समजूत होते. ती चुकीची आहे. बॉस्टन येथे जेनिफर टेमेल यांनी फुप्फुसाच्या पसरलेल्या कर्करोगाच्या १५१ रुग्णांवर केलेल्या आणि २०१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, सुरुवातीपासून या विभागाची जोड मिळालेल्या रुग्णांचे मन आणि दिनक्रम तर अधिक चांगले राहिलेच, शिवाय शेवटच्या काळात कमी आक्रमक उपचार घेऊनही ते इतरांपेक्षा अधिक जगले. ताईचा आजार पसरलेला नव्हता. तिला तिथे हाडांच्या दुखण्यासाठी आणि झोपेसाठी पाठवले होते, आणि दोन्हींवर तिथे उपाय मिळाला.

आधारगटाचे काय, असे मला अनेक जण विचारतात. आपल्यासारख्याच आजारातून गेलेल्या माणसाने येऊन भेटावे ही कल्पना जुनी आहे; टेरीझ लासर यांनी स्वतःच्या स्तनावरील शस्त्रक्रियेनंतर १९५२ मध्ये न्यूयॉर्कमध्ये अशा भेटी सुरू केल्या, आणि काही डॉक्टरांना तेव्हा ते मुळीच रुचले नव्हते. गटाने आयुष्य वाढते असे १९८९ च्या एका गाजलेल्या अभ्यासावरून बरीच वर्षे सांगितले गेले. २००१ मध्ये कॅनडात २३५ स्त्रियांवर झालेल्या मोठ्या अभ्यासात तसे आढळले नाही. मनाचा त्रास आणि वेदनेची जाणीव मात्र कमी झाली. माझ्या मते तेवढे कारण पुरेसे आहे. ताई एकदाच गटात गेली आणि “सगळ्यांची दुःखं एकदम नको” म्हणून परत आली, पण तिथे भेटलेल्या एका बाईंशी तिची फोनवरची मैत्री जमली ती जमलीच. औषध चढवण्यासाठी छातीत त्वचेखाली बसवतात त्या छोट्या डबीच्या, म्हणजे पोर्टच्या, बाजूला गाडीचा पट्टा रुतू नये म्हणून लहानशी उशी कशी शिवावी, हे त्या बाईंनीच तिला सांगितले. ते कोणत्याही माहितीपत्रकात नव्हते.

सल्ला घेऊन येणाऱ्यांविषयी फार लिहीत नाही. एवढेच की कोणी ‘वनस्पतींचे आहे, अपाय होणार नाही’ म्हणून काही आणून दिले तर ते आधी डॉक्टरांना दाखवावे. सेंट जॉन्स वर्ट या वनस्पतीमुळे इरिनोटेकॅन आणि इमॅटिनिब या कर्करोगावरील औषधांचे रक्तातील प्रमाण घटते, हे सिद्ध झालेले आहे. केमो तर घ्यायची आणि तिचा जोर घरीच काढून टाकायचा, असा तो प्रकार होतो.

शस्त्रक्रियेनंतर रेडिएशन आले आणि तेव्हा कागद पुन्हा कामी आला. यंत्राखाली पडून राहणे दहा-पंधरा मिनिटांचे असते, परंतु आठवड्यातून पाच दिवस जावे लागते. चार आठवड्यांत २० फेऱ्या. एका माणसाने त्या सगळ्या केल्या असत्या तर त्याची नोकरी गेली असती. पाच जणांनी एकेक वार घेतला आणि प्रत्येकाच्या वाट्याला महिन्यात चार सकाळी आल्या. बुधवारचे गृहस्थ भाऊजींच्या कार्यालयातले होते, आमची त्यांची पूर्वी ओळखही नव्हती. ते वाटेत एक शब्द बोलत नसत. ताईला तो वार सर्वांत आवडे.

उपचार संपले त्या दिवशी सगळ्यांनी अभिनंदन केले आणि पुढच्या आठवड्यात फोन थांबले, कारण लोकांच्या हिशोबी आजार संपला होता. ताईचा थकवा संपला नव्हता. तो असा अनेक महिने टिकू शकतो आणि झोपेने जात नाही, हे आम्हाला एव्हाना माहीत झाले होते. म्हणून चुलतबहिणीने कागदाची आणखी दोन महिन्यांची पाने केली आणि सगळ्यांना तसे स्पष्ट कळवले. बहुतेकांनी आपले वार तसेच ठेवले. दुसऱ्या महिन्याच्या मध्यावर एका मंगळवारी मी कपाटापाशी गेलो तर शाळेच्या ओळीत काकूंचे नाव चौथ्या रकान्यात सरकवलेले होते, आणि तिसऱ्या रकान्यात ताईच्या अक्षरात ‘मी’ असे लिहिलेले होते.